उपास सोडणारा माणूस

२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर, १५ ऑक्टोबर रोजी, माओवाद्यांचा बडा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. त्यानंतर थोड्याच दिवसांत चंद्रपुरात आमच्या एका विद्वान स्नेह्यांचे व्याख्यान झाले. त्यांचे नाव लिहीत नाही. लिहिले तर त्यांना आनंद होईल, आणि तो आपल्या हातून व्हावा अशी माझी इच्छा नाही. त्यांचे म्हणणे असे, की चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांना दोन शत्रूंनी छळले, एक बंदूक आणि दुसरा देव. पहिला शरण आला, आता दुसऱ्याला शरण आणायचे. इथला माणूस आपल्या मनगटावर भरवसा ठेवायला शिकला की झाले काम. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, हे त्यांनी व्यासपीठावरून पाहिले असावे, कारण चहाच्या वेळी त्यांनी मला मुद्दाम गाठले. "काय गुरुजी, देव दुखावला का?"

देव दुखावला नव्हता. हिशेब चुकला होता. बंदूक आणि देव एका पंगतीला बसवण्यात त्यांनी मोठी चलाखी केली होती. बंदूक हाती घेणारा माणूस तर त्यांच्याच मनगट-पंथातला. इतिहासाची दिशा आपल्याला कळली आहे आणि ती आपल्या हातांनी वळवता येते, अशी खात्री असल्याशिवाय कोणी चार दशके जंगलात राहत नाही. त्या खात्रीसाठी किती गावांनी किंमत मोजली, किती आदिवासी पोरे खबरी म्हणून मारली गेली आणि किती पोरे खाकी वर्दीत मेली, हे गडचिरोलीला सांगायला नको. देवाला यात कोणीच विचारले नव्हते. तेव्हा बंदुकीच्या पराभवातून निघतोच तर उलटा निष्कर्ष निघतो, असे मी त्यांना चहाच्या कपावरून सांगितले. ते हसले. "लिहा मग," म्हणाले. लिहितो आहे.

मनगटाच्या भरवशाचे आमच्याकडचे जुने उदाहरण चांद्याच्या परकोटाचे. दंतकथा सगळ्यांना ठाऊक आहे. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गाठी होत्या, झरपटीच्या पात्रातल्या खळग्याचे पाणी लागले आणि त्या गेल्या. राजाने तिथे अचलेश्वर मांडला. पुढे एका सशाने राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला आणि त्या वाटेवरून तटाची आखणी झाली. मला या कथेत गंमत वाटते ती क्रमाची. कृपा आधी, मग तिची राखण करायला भिंत. ती भिंत १८१८ साली इंग्रजांच्या तोफांपुढे टिकली नाही. झरपट आजही आहे, तिच्यात आपण काय काय सोडतो ते मात्र विचारू नका.

पण हे झाले किस्से. माझ्या स्नेह्यांना खरे उत्तर द्यायचे तर चिमूरला जावे लागते.

१६ ऑगस्ट १९४२. नागपंचमी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या गावात मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा पोरसवदा मुलगा पडला. मग जमाव उसळला. डाकबंगला पेटला, डुंगाजी आणि सोनवणे हे अधिकारी आणि त्यांच्याबरोबरचे पोलीस मारले गेले. त्या दिवसांत तिथल्या लोकांच्या तोंडी तुकडोजी महाराजांची भजने होती, त्यात झाडांची शस्त्रे होण्याची आणि भक्तांची फौज होण्याची भाषा होती. महाराजांना सरकारने त्याच महिन्यात चंद्रपुरात पकडले आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवले. सरकारला खंजिरीचे भय वाटले, ते अगदीच अनाठायी नव्हते.

इथे माझ्या मूळ मांडणीला पहिला तडा जातो. बंदूक आणि देव वेगवेगळ्या पंगतीत बसतात असे मी म्हणालो खरा, पण चिमूरला भजन आणि दगड एकाच हातात होते. गर्दीत जो दगड उचलतो त्याला नेमका कशाचा भरवसा असतो? देवाचा, दगडाचा की शेजारी उभ्या असलेल्या हजार माणसांचा? देव आपल्या बाजूने आहे असे वाटले की माणसाची ताकद कमी होत नाही, दसपट होते, आणि गर्वही. तुकडोजींनी स्वतः पुढे जी वाट धरली ती प्रार्थनेची आणि गावाच्या झाडलोटीची. ग्रामगीता वाचणाऱ्याला दिसेल की तिथे देव आकाशातून उतरून गावाच्या गटारापाशी येऊन उभा राहतो. ती वाट मला प्रिय आहे. पण चिमूरच्या त्या दुपारी देवाचे नाव आणि माणसाचा आवेश यांच्यात फट नव्हती, हे नाकारून चालत नाही.

त्यानंतर जे झाले त्याने गावाचा कणा मोडला. फौज आली. पुरुषांना धरून नेले. मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर आल्या आणि सरकारने चौकशी नाकारली. चिमूर-आष्टीच्या खटल्यांत अनेकांना फाशीची शिक्षा झाली. अनसूयाबाई काळे यांच्यासारख्यांनी जिवाचे रान केले म्हणून ते गळफास पुढे सुटले. मनगटाने मनगटाला दिलेले उत्तर इथवर आले आणि थांबले. पुढे करण्यासारखे कोणाच्या हातात काही नव्हते. अशा वेळी जयकृष्ण भन्साळी चिमूरकडे चालत निघाले.

भन्साळी हे आपल्या विस्मरणाच्या अडगळीत पडलेले फार मोठे प्रकरण आहे. मूळचे प्राध्यापक. गांधीजींच्या आश्रमात आले, मग तिथूनही सुटले आणि रानोमाळ भटकले. कच्चे पीठ आणि कडुलिंबाचा पाला खाऊन राहिले. मौनाचे व्रत घेतले आणि ते मोडू नये म्हणून तांब्याच्या तारेने स्वतःचे ओठ शिवून घेतले. हे वाचून माझ्या स्नेह्यांना गुदगुल्या होतील. हाच तो देववेडेपणा, असे ते म्हणतील. मलाही त्या तारेचे कौतुक नाही. ओठ शिवणाऱ्याला देवावर भरवसा नसतो, तारेवर असतो. आपला निश्चय ढळेल ही धास्ती त्यात आहे आणि ढळू देणार नाही हा दर्पही आहे. पुढे गांधीजींनी त्यांना माणसांत आणले.

१९४२ च्या नोव्हेंबरात भन्साळी दिल्लीला गेले. लोकनायक बापूजी अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. अण्यांनी चिमूरला यावे, चौकशी करवावी, एवढीच त्यांची विनंती. ती मान्य होईना तेव्हा त्यांनी अन्न सोडले. सरकारने त्यांना सेवाग्रामला आणून सोडले. ते चिमूरला निघाले. पुन्हा परत आणले. पुन्हा निघाले. ११ नोव्हेंबरपासून १२ जानेवारी १९४३ पर्यंत त्रेसष्ट दिवस उपास चालला. वर्तमानपत्रांना या उपासाची बातमी छापायला बंदी घातली गेली. न जेवणाऱ्या एका माणसाची बातमी सरकारला बॉम्बइतकी जड झाली होती.

आता प्रश्न असा, की हा उपास देवावरचा भरवसा होता की मनगटाचाच सूक्ष्म प्रकार? दगड बाहेर फेकला जातो, उपास आत. पण दोन्हींत मी ठरवले आहे आणि मी ते करणार, ही गाठ सारखीच. उपोषणाला आपल्याकडे भक्तीचा मुलामा सहज चढतो. प्रत्यक्षात समोरच्याला कोंडीत पकडण्याचे ते प्रभावी हत्यार आहे, आणि हत्यार चालवणाऱ्याला आपल्या हत्याराचा अभिमान असतोच. गेल्या काही वर्षांत मंडपात, कॅमेऱ्यांसमोर, सलाइन लावून केलेली उपोषणे पाहिली की भन्साळींविषयीही शंका यावी. देहाला इतके ताब्यात ठेवणारा माणूस देवाच्या हाती काय देतो? देह तर त्याच्या स्वतःच्याच मुठीत आहे. या आक्षेपाने मला पुष्कळ छळले आहे आणि माझ्या स्नेह्यांच्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा तो मला जड वाटतो. त्यांच्या डोक्यात तो आला नाही याचे मात्र बरे वाटते.

उत्तर मला उपासात सापडले नाही, उपास सोडण्यात सापडले. डॉ. ना. भा. खरे यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली. सरकारने स्त्रियांच्या अब्रूविषयी आपल्याला आस्था आहे असे निवेदन काढायचे मान्य केले, बातम्यांवरची बंदी उठली, चिमूरला जाण्यावर आडकाठी राहिली नाही. भन्साळींची मुख्य मागणी होती स्वतंत्र चौकशीची. ती मिळाली नाही. इतका काळ लोटल्यावर दोषी शिपायांची ओळख पटणे शक्य नाही, हे त्यांनी मान्य केले आणि त्रेसष्टाव्या दिवशी अन्न घेतले. ओठ शिवून घेणाऱ्या माणसाने, जिंकलेले नसताना, तोंड उघडले. ज्याला स्वतःच्या निश्चयाचा गर्व असतो तो अशा जागी मरतो. मरणे त्याला सोपे जाते, त्याचा पुतळा उभा राहतो. भन्साळी जगले, नागपूरजवळच्या टाकळीला जाऊन राहिले आणि लोकांच्या आठवणीतून हळूहळू गेले. आपल्या हातून होणार होते ते झाले, उरलेले माझे नाही, असे म्हणून हात उघडणे. देवावर भरवसा ठेवणे म्हणजे मला तरी यापेक्षा वेगळे काही दिसत नाही.

इतके लिहून लेख संपवावा असे वाटत होते. पण अहेरी तालुक्यातले पत्तीगाव डोळ्यांपुढून हलेना.

सप्टेंबर २०२४. दोन लहान भावांना ताप आला. घरच्यांनी त्यांना पुजाऱ्याकडे नेले. प्रकृती बिघडली, मग चिखल तुडवत जिमलगट्ट्याच्या आरोग्य केंद्रात नेले, तिथे दोघेही मृत असल्याचे सांगण्यात आले. आई-बापाने एकेक मूल खांद्यावर घेतले आणि गावाची वाट धरली. ती चित्रफीत राज्यभर फिरली. माझ्या स्नेह्यांनी व्याख्यानात तिचा उल्लेख केला तेव्हा सभागृह गप्प झाले होते, आणि माझ्याकडेही उत्तर नव्हते.

एक तयार उत्तर आहे. पुजारी म्हणजे देव नव्हे, पुजारी हा ताकदीचा दावा करणारा माणूसच. म्हणजे तिथेही फसला तो मनगटाचा भरवसा. रस्ता नव्हता, तो सरकारी मनगटाचा दोष. हे उत्तर चतुर आहे म्हणूनच मला ते पुरत नाही. प्रत्येक वाईट प्रसंगी देवाला अलगद बाहेर काढून माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे, हा वकिली खेळ आमच्या कीर्तनकारांनी शेकडो वर्षे खेळला आहे. त्या आई-बापाच्या मनात पुजारी आणि देव असे दोन खाने नव्हते. त्यांचा भरवसा खरा होता. आणि पोरे गेली.

तेव्हा माझी मांडणी मला बदलावी लागते. भरवसा खरा की खोटा हा प्रश्नच पुरेसा नाही. तो कोणाच्या जिवावर ठेवला जातो, हा खरा प्रश्न. स्वतःच्या देहावर, स्वतःच्या कीर्तीवर, स्वतःच्या यशावर ठेवला तर तो भरवसा. तापाने फणफणलेल्या लेकराच्या देहावर ठेवला तर ते दुसऱ्याचे धन देवाकडे गहाण टाकणे झाले, मग आई-बाप कितीही निर्मळ असोत. क्रांतिकारकानेही हेच केले, फक्त देवाऐवजी इतिहासाकडे, आणि गहाण टाकली ती गावे.

या कसोटीवर धानोरा रस्त्यावरचे शोधग्राम मला फार बोलके वाटते. डॉ. अभय आणि राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून आले, १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली; शोधग्राम हा तिचाच परिसर. त्यांच्या दवाखान्याला नाव आहे माँ दंतेश्वरीचे. आदिवासींना दवाखाना आपला वाटावा, नातेवाइकांना सोबत राहता यावे, म्हणून त्याची रचना त्यांच्याच सांगण्यावरून झाली. शिकल्यासवरल्या डॉक्टरांनी देवीला दारात आणून बसवले, ही लोकांना खूश करण्याची युक्ती आहे असे कोणी म्हणेल. मला ते ज्ञानाच्या अहंकाराला घातलेले वेसण वाटते. ३९ गावांत नवजात बाळांची काळजी त्यांनी गावातल्याच, अल्पशिक्षित बायांच्या हाती सोपवली, इंजेक्शनसुद्धा. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले, नवजात बालमृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले होते. आपल्या हातातले दुसऱ्याच्या हातात देणे डॉक्टरला किती अवघड जाते हे डॉक्टरलाच विचारावे. पण देवी दारात होती म्हणून औषध थांबले नाही. कमी झाला तो डॉक्टरचा रुबाब. बाळाच्या जिवाशी कोणी खेळ केला नाही.

माडिया आदिवासींच्या पंडुम या सणातही मला हीच जाण दिसते. पंडुम झाल्याशिवाय नवे फळ तोंडात घालायचे नाही. भूक आपली, संयम आपला, उपास आपला. सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे आणि त्याच डोंगरातून लोहखनिज निघते आहे. तिथे विरोधकही देवाचे नाव घेतात आणि नारळ फोडून यंत्र सुरू करणारेही घेतात. दोघांपैकी कोण स्वतःचे काही सोडायला तयार आहे, एवढेच मी पाहीन. जो सोडतो त्याचा देव खरा, असे म्हणण्याचा मोह होतो.

मोह होतो, पण भन्साळी आडवे येतात. हीच कसोटी त्यांना लावली तर? देह त्यांचा होता, त्यावर त्यांनी भरवसा ठेवला, ठीक. पण जानेवारी १९४३ मध्ये त्यांनी जी सोडून दिली ती चौकशी त्यांची नव्हती. ती चिमूरच्या बायकांची होती. त्यांना कोणी विचारले होते, असे मी वाचलेल्या एकाही हकिकतीत आढळत नाही. उपास सुरू करताना नाही, सोडतानाही नाही. माझ्या स्नेह्यांना उत्तर द्यायचे असेल तर त्यांनी इथून सुरुवात करावी. पत्तीगाव त्यांना सोपे गेले होते, हे जाणार नाही. त्या बायकांना न्याय मिळाला नाही, आणि तो देवाच्या हाती सोपवण्याचा अधिकार एका सत्पुरुषाला होता की नव्हता, याचे उत्तर मला अजून देता येत नाही.