ढोलीचा हिशेब

पर्यावरणाच्या व्यासपीठांवर एक वाक्य हमखास टाळ्या घेते : ‘निसर्गाला त्याच्या वाटेने जाऊ द्या, तो आपला आपण सावरतो.’ हे वाक्य फेकणाऱ्यांचा हुकमी दाखला ऑस्ट्रेलियाचा. २०१९-२०च्या उन्हाळ्यात तिथे २.४ कोटी हेक्टरांहून अधिक मुलूख जळाला, आगीत ३३ माणसे गेली, तीन हजारांवर घरांची राख झाली. पुढे काही आठवड्यांतच काळ्याठिक्कर खोडांना फुटलेल्या पालवीची छायाचित्रे जगभर फिरली. झाले! तेव्हापासून तिथले शेतकरी प्राणिपक्ष्यांना ढोलीऐवजी राहायला झाडांवर पेट्या टांगतात, कुंपणे घालतात, रोपे लावतात, ते सगळे या मंडळींच्या लेखी अपराधी मनाचे चाळे.

पालवी खरी आहे. निलगिरीच्या जाड सालीखाली सुप्त कोंब दडलेले असतात. आग ओसरली की ते उसळून येतात. बँक्सिया या तिथल्या झाडाच्या काही जातींची बोंडे तर धग लागल्याखेरीज सहसा उघडत नाहीत. वक्त्यांनी पहिले पान नीट वाचले आहे. दुसरे मात्र उलटलेले दिसत नाही.

दुसऱ्या पानावर ढोली आहे. ऑस्ट्रेलियात सुतारपक्षी नाही. म्हणजे झाडात घर कोरून देणारा कारागीरच नाही. तिथली ढोली वाळवी, बुरशी आणि काळ मिळून घडवतात, आणि मोठ्या प्राण्याला पुरेल अशी ढोली व्हायला निलगिरीला शंभराहून अधिक वर्षे लागतात. आपल्याकडे पाणीपिशी म्हणून बदनाम झालेले हे झाड आपल्या मायदेशी सुमारे तीनशे जातींच्या प्राणिपक्ष्यांना आसरा देते. वणव्यात आधीच पोखरलेली म्हातारी झाडे आतून जळून कोसळतात. पालवी फुटली म्हणून जंगल परतले म्हणावे, तर निलगिरीची पाने खाऊन ढोलीत झोपणाऱ्या, झाडांमधून तरंगत जाणाऱ्या ग्रेटर ग्लायडर या प्राण्याला नव्या झाडात घर मिळायला बाविसावे शतक उजाडेल. २०२२ साली त्याचे नाव संकटग्रस्तांच्या यादीत गेले, ते उगीच नव्हे.

त्याच वणव्यांत कांगारू आयलंडचे जवळपास निम्मे बेट जळाले. तिथला ग्लॉसी ब्लॅक काकाकुवा जवळजवळ एकाच झाडाच्या बियांवर जगतो. ते झाड कोकणच्या किनाऱ्यावरल्या सुरूचे भाऊबंद. पोसम हा प्राणी खोडावर चढून या पक्ष्याची अंडी फस्त करतो. म्हणून १९९०च्या दशकापासून खोडांना पत्र्याचे पट्टे ठोकले गेले, शेतांच्या कडेने ती झाडे लावली गेली, आणि दोनशेच्या आसपास उरलेले पक्षी वणव्याआधी साडेतीनशेच्या पुढे गेले. याच बेटावरच्या डनार्ट या उंदराएवढ्या, पोटाला पिशवी असलेल्या प्राण्यासाठी खासगी जमिनीवर मांजरांना रोखणारे कुंपण उभे राहिले. जळून उघड्या पडलेल्या रानात ‘निसर्गाला त्याच्या वाटेने जाऊ द्या’ याचा अर्थ डनार्टला माणसाने आणलेल्या मांजराच्या तोंडी द्या, एवढाच होतो.

इथवर मी पेटीवाल्यांचा वकील. पण आता डेव्हिड लिंडेनमायर यांची उलटतपासणी. हे वनशास्त्रज्ञ कित्येक दशके व्हिक्टोरियाच्या जंगलांत काम करत आले आहेत, आणि त्यांचा आक्षेप टाळ्यांचा नाही, मोजमापाचा आहे. ह्यूम महामार्गाच्या रुंदीकरणात ढोल्यांची झाडे पडली. भरपाई म्हणून शेकडो पेट्या टांगल्या गेल्या. पुढे त्या उघडून पाहिल्या, तर ज्या दुर्मिळ जातींसाठी हा खटाटोप, त्यांनी जवळपास पाठच फिरवली होती. सोय झाली ती सर्रास दिसणाऱ्या आणि परक्या जातींची. पेट्या काही वर्षांत कुजतात, गळून पडतात. ढोली टिकते.

या पुराव्यापुढे पेटीची वकिली मला सोडावी लागते. तात्पुरता आसरा म्हणून ती ठीक. झाड पाडण्याचा परवाना म्हणून ती लबाडी. वणव्यानंतर रस्त्याकडेची जळकी, उभी झाडे ‘धोकादायक’ म्हणून सरसकट पाडली जातात, तेव्हा आगीने सोडलेले करवत नेते. मग पुनरुज्जीवनाचे मोठे काम लावण्यात नसून न तोडण्यात आहे. वक्त्यांना हे ऐकून आनंद होईल, पण थोडे थांबावे. खासगी जमिनीवर ‘न तोडणे’ आपोआप घडत नाही. मालकाला हक्क सोडावा लागतो. व्हिक्टोरियात १९७२ साली स्थापन झालेली ट्रस्ट फॉर नेचर ही संस्था मालकाशी कायमचा करार करते. सातबाऱ्यावर बोजा चढावा तसा तो जमिनीच्या दस्तावर चढतो आणि पुढच्या खरेदीदारालाही बांधतो. १९८६ साली त्याच राज्यात शेतकऱ्यांनीच आपल्या जमिनीची निगा राखण्याची लँडकेअर चळवळ सुरू झाली, ती मजूर पक्षाच्या मंत्री जोन कर्नर आणि शेतकरी महासंघाच्या हेदर मिचेल यांच्या हातमिळवणीतून. एरवी एकमेकींच्या विरोधात उभ्या राहाव्यात अशा या दोघी.

निसर्ग सावरतो हे खरे. पण त्याला शंभर वर्षांची मुदत कोणीतरी लिहून द्यावी लागते. म्हणून यापुढे वणव्यानंतर लावलेल्या लाखो रोपांचा आकडा कुणी सुनावला, तर दोनच प्रश्न विचारा : जुनी, जळकी, उभी झाडे किती राखली? आणि ती तोडणार नाही, हे कोणत्या दस्तात लिहून दिले?