खूण करण्याआधी

‘जखमी झालेल्या चालकाच्या मुलाला रुग्णालयात हलवण्यात आले.’ या वाक्यात ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. पण जखमी कोण, चालक की मुलगा? चांगला उपसंपादक इथे थांबतो, बातमीदाराला फोन लावतो आणि मगच ‘चालकाच्या जखमी मुलाला’ असं करतो. अंदाजाने दुरुस्ती करत नाही. संगणकातली शुद्धलेखनाची सोय मात्र या वाक्यावरून बिनदिक्कत पुढे जाते. तिच्या लेखी इथला प्रत्येक शब्द बरोबर आहे.

मजकूर संपादनाचं काम म्हणजे वेलांट्या-उकार तपासणं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. ते यायलाच हवं. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली चारची भर, हे मन लावून बसलं तर पाठ होतात. अडलंच तर अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ किंवा यास्मिन शेख यांची ‘मराठी लेखन मार्गदर्शिका’ उघडावी. कठीण असतं ते वाचकाच्या वतीने शंका घेत राहणं. ‘गुरुवार, १५ ऑगस्ट १९४७’ असं दिसलं की खातरजमा करायची. तो शुक्रवार होता. तक्त्यातल्या रकमांची बेरीज स्वतः करायची. दुसऱ्या प्रकरणातली काकू नवव्यात मावशी झाली नाही ना, हेही बघायचं.

याचा सराव करता येतो, आणि तो रोज करावा. कुठलंही छापील पान घ्यावं, मोठ्याने वाचावं, पेन्सिलीने खुणा कराव्यात आणि प्रत्येक खुणेचं कारण समासात लिहावं. ‘मी असं लिहिलं नसतं’ हे कारण नव्हे. कारण सापडलं नाही तर खूण खोडून टाकावी. हात आवरणं हाच या विद्येतला सर्वांत अवघड भाग आहे, असं मला वाटतं. वऱ्हाडी पात्राच्या तोंडचं ‘जाऊन राह्यला’ काढून तिथे ‘जात आहे’ घालणारा संपादक त्या पात्राचा जीवच काढून घेतो.

अशी नजर कमवायला वर्षं लागतात. आणि आपण ती कमावलेल्या संपादकाकडे पुस्तक छपाईला जायच्या आदल्या आठवड्यात गठ्ठा पाठवतो, वर घाई करतो. प्रकाशकांनी वेळापत्रकात त्याच्यासाठी पुरेसे दिवस राखावेत, मोबदला आधी ठरवावा, आणि पुस्तकात मुखपृष्ठकाराचं नाव छापतात तिथेच त्याचंही नाव छापावं.