बंद खाणीचे देणे



जर्मनीच्या रूर खोऱ्यात एसेन, बोखुम आणि गेल्सेनकिर्शेन ही शहरे एकमेकांना लागून आहेत. तिन्ही कोळशावर वाढली. पुढे बाहेरचा कोळसा स्वस्त पडू लागला आणि एकेक खाण बंद होत गेली. शेवटची खाण जवळच्या बोट्रोप येथे डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली.

सर्वांच्या वाट्याला मात्र सारखे आले नाही. बोखुमला १९६५ साली विद्यापीठ मिळाले. एसेनची त्सोलफेराइन खाण १९८६ साली बंद पडली. २००१ साली ती जागतिक वारसास्थळ ठरली आणि आज तेथे पर्यटक येतात. तेथून थोड्याच अंतरावरचे गेल्सेनकिर्शेन मात्र जर्मनीतील सर्वाधिक बेकारीच्या शहरांत वर्षानुवर्षे मोडते.

तेथील माणसे आळशी होती काय? विद्यापीठ कोठे काढायचे, हे काही खाणकामगारांनी ठरवले नव्हते. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात संध्याकाळपर्यंत चौकात उभे असलेले मजूर सांगतात, की त्यांना कोणी कामाला बोलावलेच नाही. मालक त्यांना बोल लावत नाही. तो त्यांना काम देतो आणि पूर्ण मजुरीही देतो.

रूरमध्ये कोळसा काढल्याने काही ठिकाणी जमीन वीस मीटरहून अधिक खचली आहे. पाण्याचा उपसा थांबला तर वस्त्या बुडतील. म्हणून हा उपसा कायम चालू ठेवावा लागणार आहे. त्या खर्चाला जर्मन लोक 'अनंतकाळचे ओझे' म्हणतात आणि त्यासाठी २००७ साली एक खास प्रतिष्ठानही स्थापन झाले. कामगारांनाही एकाएकी रस्त्यावर न आणता वेळेआधी निवृत्ती दिली गेली, हे न्यायाचेच झाले. पण निवृत्तिवेतन त्या कामगाराबरोबर संपते. त्याच्या नातवंडांच्या कामाचे काय? जमिनीचे देणे कायमचे आणि माणसाचे मात्र मुदतीचे, हा कसला हिशेब?

तोट्यातली खाण कायम चालवावी, असे आम्ही म्हणत नाही. परंतु पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या आपल्या परिपत्रकात भांडवलापेक्षा श्रमाला अग्रस्थान दिले आहे. ज्यांच्या घामावर देश उभा राहिला, त्यांना हात देणे म्हणजे उपकार नव्हे. ते ऋण फेडणे आहे.

आपल्या धर्मग्रामातही कोणाची नोकरी सुटते, कोणाचा धंदा बसतो. 'त्याचे काय चुकले?' असे विचारण्याआधी 'त्याला कोणी बोलावले का?' असे आपण विचारू या. आणि बोलावणे आपल्या हाती असेल, तर आजच बोलावू या.