जास्वंदीची माती

पंचगंगेकाठचं मळीचं रान विकलं, तेव्हा घेणाऱ्याला विचारून आईनं दोन पाट्या काळी माती कोल्हापुरातल्या फ्लॅटवर आणली. कुंडीत जास्वंद लावली. ह्याच मातीनं उसाला कधी कमी केलं नव्हतं. पण रानात पाण्याला खाली मुरायला जागा होती, कुंडीत कुठली? चिखल साचायचा, वाळला की भेगा. पानं पिवळी, कळ्या गळालेल्या.

मी पन्हाळ्याकडची तांबडी माती, वाळू, कुजलेलं शेणखत कालवलं.

"मग आपली माती टाकून द्यायची व्हय रं?"

झाड जगवायचं ते नक्की कुणासाठी? मला उत्तर देता येईना. शेवटी तिनंच मूठभर काळी माती त्यात कुस्करली.

कळी धरली तेव्हा म्हटलं, "बघ."

"तुझ्या मातीनं का माझ्या मुठीनं, कुणी सांगावं?"