पाना उचलण्याआधी

गाडी खोटं बोलत नाही. पण तिला जेवढं कळतं, तेवढंच ती सांगते.

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. स्कॅनर लावला की कोड येतो : पी ०१७१. त्याचा अर्थ एवढाच, की हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय असं कॉम्प्युटरला दिसलं, आणि भरपाई करता करता त्याची मर्यादा संपली. जास्तीची हवा कुठून शिरली, की पेट्रोलच कमी आलं, याबद्दल कोड गप्प असतो. तरी पुष्कळदा पहिल्यांदा बदलला जातो तो ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे ज्यानं ही बातमी दिली तोच.

कोड ही साक्ष आहे. निकाल आपल्याला द्यायचा असतो.

*

पुण्याच्या सदाशिव पेठेत राहणाऱ्याला हा फरक शिकायला लांब जावं लागत नाही. वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापन केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ याच पेठेत आहे. बखर वाचावी, पण अस्सल कागद हाती आल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये, ही राजवाड्यांची शिस्त. बखर घटना घडून गेल्यावर, कुणाच्या तरी समजुतीतून लिहिली जाते. पत्र, हिशेब, तहनामा हे त्या दिवसाचे असतात. ते कागद जमवण्यासाठी राजवाडे गावोगाव हिंडले. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’ या मालेचे खंड निघू लागले आणि ते बावीस झाले.

जुन्या जर्मन गाडीखाली हात काळे करणाऱ्या माणसानं हीच शिस्त पाळावी असं मला मनापासून वाटतं. स्कॅनरचा कोड म्हणजे बखर. इंधनाचा दाब, तारेतला व्होल्टेज, कूलंटचं तापमान, व्हॅक्यूमचा आकडा हे अस्सल कागद. ते त्या जागी, त्या क्षणी, स्वतः मोजावे लागतात.

बखर टाकाऊ नसते. शोध कुठून सुरू करायचा हे तिच्यावरूनच ठरतं. फक्त शोध तिथेच संपवायचा नसतो.

*

कोड नोंदला जातो तेव्हा कॉम्प्युटर त्या क्षणाची स्थितीही टिपून ठेवतो : इंजिनाचे फेरे, तापमान, वेग, भार. बिघाड थंड इंजिनात झाला की तापलेल्या, उभ्या गाडीत की चढावर, हे त्यावरून कळतं. कोड खोडला की ही नोंदही जाते.

म्हणून दिवा विझवण्याची घाई करू नये. विझलेल्या दिव्यानं गाडी दुरुस्त होत नाही, पुरावा मात्र जातो.

*

२००४ साली स्कोडानं ऑक्टाव्हिया आरएस भारतात आणली. नाव चेक, इंजिन फोक्सवॅगन समूहाचं : १.८ लिटर, टर्बो, २० व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती. इंजिन अजूनही दमदार आहे. त्याच्याभोवतीचं रबर म्हातारं झालं आहे. क्रँककेसमधली वाफ परत खेचून घेणारे पाइप तेलानं आणि उष्णतेनं कडक होतात, मग तडकतात. हवेच्या मापकाला चुकवून हवा आत शिरते आणि पी ०१७१ उमटतो.

ही गळती ओळखायला पाना लागत नाही. आयडलिंगला पेट्रोलची भरपाई किती आणि फेरे वाढवल्यावर किती, हे दोन आकडे शेजारी ठेवायचे. आयडलिंगला जास्त आणि पुढे कमी होत गेली, तर हवेची गळती. फट तेवढीच राहते, एकूण हवा वाढते, म्हणून फटीतून येणाऱ्या हवेचा वाटा घटतो. उलट जोर देताना भरपाई वाढत गेली, तर पंप, फिल्टर किंवा हवेचं मापक तपासायचं. गळतीच असेल तर धूर सोडून नेमकी फट शोधायची.

टर्बो असेल तर आणखी एक पेच. थ्रॉटलनंतरच्या, इंजिनाकडच्या पाइपला पडलेल्या फटीतून आयडलिंगला हवा आत येते, आणि टर्बोचा दाब चढला की तिथूनच बाहेर जाते. फट एक, तक्रारी परस्परविरुद्ध. ज्यानं एकच आकडा पाहिला तो अर्ध्या कारणावर थांबतो.

*

कधी कुठलाही एक दोष पुरेसा नसतो.

शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला वजनानं १४.७ पट हवा लागते. त्यात वीस टक्के इथेनॉल असेल तर साडेतेरा पटीच्या आसपास पुरते, कारण इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं. वीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरला पंपावरचं पेट्रोल बदललं हे माहीत नाही. त्याला पेट्रोल कमी पडतंय असं दिसतं आणि तो भरपाई वाढवतो. पाइपला आधीच बारीक फट असेल, तर दोन्ही मिळून मर्यादा ओलांडली जाते. वेगवेगळी तपासली तर दोन्ही निर्दोष ठरतील.

एकच कारण सापडलं पाहिजे हा हट्टही एक पूर्वग्रह आहे.

*

१९९५ साली पिंपरीत, टेल्कोच्या आवारात, मर्सिडीजच्या डब्ल्यू १२४ या गाडीची जुळणी सुरू झाली. पुण्याचं आणि या गाड्यांचं नातं तेव्हापासूनचं. चाकणचा कारखाना नंतरचा, २००९ चा. गाडीची बांधणी दणकट. दार लावल्याच्या आवाजातूनही ते जाणवतं. पण नव्वदच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत बनलेल्या अनेक मर्सिडीजमध्ये इंजिनाच्या वायरिंगचं आवरण कच्चं निघालं. उष्णतेनं ते भुरभुरतं, तांबं उघडं पडतं, तारा एकमेकींना चिकटतात.

मग गाडी एकदम दहा आजार सांगू लागते. आयडलिंग डळमळतं, इंजिन मध्येच मिसफायर मारतं, थ्रॉटल ऐकत नाही. कुणी थ्रॉटल बदलतं, कुणी सेन्सर, कुणी कॉम्प्युटर. प्रत्येक पार्ट महाग, आणि प्रत्येक वेळी काही दिवस बरं वाटतं, कारण पार्ट बसवताना तारा थोड्या हलल्या, सरकल्या, सुट्या झाल्या.

पोर्शच्या झुफेनहाउझेनच्या कारखान्यात जिची बांधणी होई त्या ५००ई गाडीलाही हा दोष चुकला नाही. दहा पिढ्या टिकेल अशा पोलादात वर्षागणिक झडणारी तार.

लक्षणं विखुरलेली असली की कारण बहुधा सामाईक जागी असतं. ती जागा म्हणजे वायरिंग, अर्थिंग, बॅटरी. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनावर, आणि स्टार्टर फिरत असताना आकडा पाहायचा. तो शून्याच्या जवळ हवा. नसेल तर कॉम्प्युटरवर संशय घेण्याआधी अर्थिंगची पट्टी घासून साफ करावी.

स्वस्त तपासणी आधी, महाग तर्क नंतर.

*

बीएमडब्ल्यूच्या ई ४६ पिढीत तापमानाची सुई साधारण ७५ ते ११५ अंशांपर्यंत मध्यावरच ठेवलेली असते. किरकोळ चढउतारानं चालकाचं लक्ष विचलित होऊ नये हा हेतू. परिणाम असा, की सुई हलते तोवर पुष्कळ काही होऊन गेलेलं असतं. कूलंटची प्लॅस्टिकची टाकी शिवणीवर फुटते, पाणी जातं, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं.

स्थिर सुई पाहून निर्धास्त होऊ नये. कूलंट थंड इंजिनात, डोळ्यांनी, नियमानं पाहावं. टाकी फुटण्याची वाट न पाहता वयावरून बदलावी.

जो भाग मोडल्यावर इंजिन घेऊन जातो, त्याला मोडायची संधी देऊ नये. टायमिंग बेल्ट तसाच. ऑक्टाव्हियाच्या त्या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. आणि बेल्ट किलोमीटरइतकाच वर्षांनीही म्हातारा होतो.

*

ही इंजिनं ऑटोबानसाठी घडवली. आमच्या पेठेत ती पेरूगेटपासून टिळक रोडपर्यंत जातात आणि थांबतात.

लोकांना वाटतं, कमी चालली म्हणजे कमी झिजली. वस्तुस्थिती उलटी आहे. गार सुरुवातीला इंजिन जादा पेट्रोल घेतं. त्यातलं थोडं तेलात उतरतं. जळण्यातून पाणी तयार होतं. तेही तेलात मिसळतं. तेल पुरतं तापून बराच वेळ तसं राहिलं तरच दोन्ही उडून जातात. दोन किलोमीटरांत ते कोमट होतं एवढंच. मग गाळ साचतो, बारीक वाहिन्या बुजतात, आणि मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बोला तेल उशिरा पोचतं. बॅटरीही प्रत्येक स्टार्टला जितकं देते तितकं तिला परत मिळत नाही.

वेगवान इंजिनाला वेग सोसतो. अर्धवट तापणं सोसत नाही.

उपाय साधा आहे. तेल किलोमीटरवर नव्हे, महिन्यांवर बदला. कारखान्यानं सांगितलेली लांब मुदत लांब रस्त्यांसाठी असते. आणि अधूनमधून गाडी सातारा रस्त्याला काढा, खंबाटकीपर्यंत न्या. घाटात तिला दम लागेल तेव्हा ती आपल्या प्रकृतीबद्दल जे सांगेल, ते पेठेत वर्षभर सांगणार नाही. परतल्यावर लगेच किल्ली फिरवून बंद करू नका. टर्बोचा दांडा तापलेला असतो. तेल वाहतं ठेवलं तर ते तिथे करपत नाही.

*

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ प्रतीचं ताजं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पाणी शोषलेल्या तेलासाठी तीच मर्यादा १५५ वर येते. पुण्याचे पावसाळे त्यातून जातात आणि पेडल मात्र रोजच्यासारखंच लागतं. फरक कळतो तो ताम्हिणीच्या उतारावर, तापलेल्या ब्रेकवर, तेलात वाफ धरल्यावर.

काही बिघाड आधी कळवत नाहीत. त्यांच्यासाठी कॅलेंडर असतं. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावं, तक्रार असो वा नसो.

देखभाल म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीवर, ती दिसण्याआधी, विश्वास ठेवणं.

*

एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

कॉइल, प्लग आणि सेन्सर एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर गाडी सुधारली एवढंच कळलं. पुढच्या वेळी पुन्हा तिन्ही बदलावे लागतील. अज्ञानाचा हप्ता असा फिरून फिरून भरावा लागतो. एकच कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहा. मिसफायर कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलचा. जागेवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन. या तपासणीला पैसे लागत नाहीत.

आणि लिहून ठेवावं. तारीख, किलोमीटर, लक्षण, मोजलेला आकडा, केलेला बदल, झालेला परिणाम. आज निरोगी असलेल्या गाडीचे आकडे तर आवर्जून लिहावेत. निरोगी आकडा माहीत नसेल तर आजारी आकडा ओळखणार कसा?

काढलेला पार्टही लगेच भंगारात टाकू नये. तो कसा मोडला हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं : करपलेला, तडकलेला, घासलेला, की धडधाकट. धडधाकट निघाला तर शोध संपलेला नाही.

*

जर्मन गाडीत काही बोल्ट कसताना मुद्दाम ताणले जातात. हेडचे तसेच असतात. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तीच पकड देत नाही, म्हणून उघडला की नवा घालायचा. टॉर्क पानाही हवाच. हाताचा अंदाज इथे चालत नाही.

बनवणाऱ्यानं आकडा दिला असेल, तर त्यामागे त्याचा विचार आहे. तो विचार समजेपर्यंत आकडा पाळावा. समजल्यावरही पाळावाच.

*

गाडीवाल्यांना एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. आपण पार्टचे पैसे मुकाट देतो आणि तपासणीच्या पैशांवर घासाघीस करतो. दिवसभर मीटर लावून ज्यानं एक सडलेली तार शोधली, त्याचं बिल आपल्याला डोळ्यांवर येतं. न शोधता अर्धी गाडी ज्यानं बदलली, त्याचं रास्त वाटतं. मग मेकॅनिकनं शोधावं तरी कशाला?

विचाराला दाम मिळाला नाही, तर बाजारात फक्त पार्ट उरतात.

या गाड्यांचे पार्ट वर्षागणिक दुर्मीळ होत जाणार. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण, वाढते खर्च, बदललेलं इंधन. नुसत्या अदलाबदलीवर जगणारं कसब त्यात टिकणार नाही. कारण शोधणारं कसब टिकेल, कारण ते पार्ट संपल्यावरही उपयोगी पडतं.

*

बिघाड सापडला याची खूण काय? दिवा विझला, ही नव्हे. तो आठवड्यानं परत लागू शकतो.

बिघाड हवा तेव्हा आणता आला आणि हवा तेव्हा घालवता आला, ही खूण. पाइप सैल केला की आकडा बिघडतो, घट्ट केला की सावरतो. पुन्हा सैल, पुन्हा घट्ट. तेव्हा पिंपरीत जुळवलेल्या गाडीबद्दल, श्टुटगार्टमध्ये आखलेल्या इंजिनाबद्दल, पेठेतल्या पार्किंगमध्ये उभा राहून माणूस एक खरं वाक्य बोलू शकतो.

पार्ट कुणालाही बदलता येतो. कारण सांगता आलं, आणि ते दुसऱ्या कुणाला स्वतः मोजून पडताळता आलं, म्हणजे दुरुस्ती पुरी झाली.