शासन कीं शिकवण ?

गर्भवती पत्नीवर हात उगारणाऱ्या पुरुषास शासन करावें, शिकवीत बसूं नये, असें आमचे कित्येक सुज्ञ स्नेही म्हणतात. त्यांचा संताप रास्त आहे. निष्कर्ष मात्र आम्हांस पटत नाहीं. शिकविणें म्हणजे क्षमा करणें नव्हे. ज्याला शिकवितां येतें असें आपण मानतों, त्यालाच जबाबदार धरतां येतें. ‘पुरुषाची जातच तशी’ म्हणणारा त्याला नकळत मोकळाच सोडतो.

आफ्रिकेंतील रुवांडा देशांत ‘बांदेबेरेहो’ नांवाच्या उपक्रमांत तान्ह्या-लहान मुलांच्या बापांस व बाप होऊं घातलेल्यांस १५ बैठकांना बोलावीत. पैकीं ८ बैठकांस पत्नीही येत. बाळंतपण, मुलाची निगा, घरांतील निर्णय, मारहाण यांवर तेथें बोलणें होई. सुमारें १२०० जोडप्यांच्या चांचणीचा वृत्तांत २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. २१ महिन्यांनीं पाहतां, गेल्या वर्षांत पतीचा मार खाल्ल्याचें सांगणाऱ्या स्त्रिया या गटांत शेंकडा सुमारें ३३, तर दुसऱ्या गटांत ५७ निघाल्या. तेहतीस हा आंकडाही लाजिरवाणाच. तेव्हां कायद्याची गरज सरली असें कोणीं समजूं नये.

आपल्याकडे पहिलें बाळंतपण बहुधा माहेरीं होतें. बाप होणारा गृहस्थ तेव्हां दूरच असतो. त्याला गांठावयाचें तर तिला माहेरीं धाडण्यापूर्वींच, दवाखान्याच्या पहिल्या खेपेस गांठलें पाहिजे.