आजींच्या वाती



आज वाचनात गीतेच्या अठराव्या अध्यायातला ४६वा श्लोक होता. आपल्या वाट्याला आलेलं काम करणं हीच त्या सर्वव्यापी ईश्वराची पूजा, असा त्याचा भाव. माउली ज्ञानेश्वरीत याच ठिकाणी आपल्या कर्मांना फुलं म्हणतात. हा श्लोक मी कितीदा तरी वाचलाय आणि दर वेळी डोळ्यासमोर माझं ऑफिस यायचं. आज मात्र एका आजींच्या वाती आल्या, आणि खरं सांगते, लाज वाटली.

आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप महिन्यातून दोन रविवार एका वृद्धाश्रमात जातो. सुरुवातीला आम्ही नेटवर शोधून ‘सोप्या ॲक्टिव्हिटी’ नेल्या होत्या. आईस्क्रीमच्या काड्या, चमकी, रंगवायला फुलपाखरं. तिथे एक आजोबा आहेत, आयुष्यभर शिवणकाम केलेले. त्यांनी फुलपाखराचा एक पंख रंगवला, खडू खाली ठेवला आणि विचारलं, “हे झाल्यावर याचं काय करायचं?” मी म्हटलं, “भिंतीवर लावू ना आजोबा.” ते हसले. पुढच्या खेपेला ते खोलीतून बाहेरच आले नाहीत.

मग आम्ही बदललो. गणपतीच्या आधी २१-२१ दुर्वांच्या जुड्या, श्रावणात कापसाची वस्त्रमाळ, एरवी फुलवाती आणि प्रसादासाठी कागदी पाकिटं. शिवणकामवाल्या आजोबांना पाकिटांचं कटिंग दिलं तर त्यांनी आमची कात्रीच नापास केली! (दुसरी आणावी लागली.) हळूहळू काही गोष्टी कळत गेल्या. ताटलीखाली ओला रुमाल ठेवला की ती सरकत नाही. कापूस आधीच पिंजून, सरकी काढून दिला की बोटांना त्रास कमी. वात वळताना दुधाचं बोट लावतात हे आम्हाला त्यांनीच शिकवलं. आणि पाऊण तास झाला की थांबायचं, कारण कुणी ‘दमलो’ असं स्वतःहून म्हणत नाही.

कार्तिकात आमच्या जवळच्या देवळात त्रिपुरी पौर्णिमेचा दीपोत्सव असतो. त्यासाठी फुलवाती आश्रमातून न्यायच्या असं ठरलं. सगळ्या आज्या कामाला लागल्या. त्यातल्या एका आजींचे हात फार थरथरतात. त्यांनी दोन रविवार बसून जेमतेम ४० वाती केल्या. घरी येऊन मी डबा उघडला तर त्यांच्या वाती सैल, शेंडी वाकडी, आणि प्रत्येकीला पांढऱ्या दोऱ्याचा कसलासा गुंता. मी दोरे काढून टाकले, त्या सगळ्या वाती मोडल्या आणि टीव्ही बघत बघत नव्याने वळल्या. अर्ध्या तासात झाल्या. देवापुढे नीटच लागायला हवं ना, एवढाच विचार होता. मनात खोट नव्हती.

पुढच्या रविवारी आजींनी विचारलं, “बाळ, माझ्या वाती लागल्या का गं?”

“हो आजी, मस्त लागल्या.”

“दोरा टिकला ना? मला पीळ देता येत नाही आता, म्हणून दोऱ्याने आवळल्या. दातात एक टोक धरायचं आणि एका हाताने गुंडाळायचं. मीच शोधून काढलं.”

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

घरी येताना मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, “अगं, त्यांना आनंद मिळाला ना? मग झालं तर.” तिचं म्हणणं मी बरेच दिवस धरून ठेवलं, कारण ते सोयीचं होतं. पण त्यांचा आनंद एवढंच जर काम असेल, तर ते फुलपाखरू काय वाईट होतं? आजोबांनी विचारलेला प्रश्न तोच होता की. हे खरंच कुणाला हवंय, की तुम्ही आमचा वेळ घालवताय? आम्ही त्यांना वाती दिल्या त्या ‘हवंय’ असं सांगून. आणि मी त्या मोडल्या तेव्हा ते ‘हवंय’ खोटं ठरलं, फक्त त्यांना कळलं नाही.

आता यावर सरसकट नियम करू नये. तिथे एक आजी तासन्‌तास तेच चार नॅपकिन घड्या घालतात, मोडतात, परत घालतात. त्यांना विसराळूपणाचा आजार आहे, आणि त्या घड्या घालताना शांत असतात. त्यांना ‘याचा उपयोग काय’ असं कोण विचारणार! पण वातींच्या आजींना उपयोग कळत होता. त्यांनी दिवा डोळ्यासमोर ठेवून ती युक्ती काढली होती. काम हीच पूजा असेल, तर त्यांनी वाहिलेली फुलं उचलून मी तिथे माझी ठेवली. वर त्यांच्या नावाने.

आणि ते ‘मस्त लागल्या’? सतराव्या अध्यायात १५व्या श्लोकात वाणीचं तप सांगितलंय. बोलणं कुणाला न दुखवणारं, खरं, गोड आणि हिताचं असावं. मी त्यातलं गोड तेवढं घेतलं. खरं बोलायचं राहिलंच. वयस्कर माणसांशी आपण सगळेच असं बोलतो का? लहान मुलाला म्हणतो तसं, ‘वा, छान!’

देवळात विझणाऱ्या वाती चालल्या असत्या असं माझं म्हणणं नाही. पण आजींना सांगता आलं असतं की जरा सैल होतायत, काय करूया? त्यांच्याकडे उत्तरसुद्धा तयार होतं.

गेल्या रविवारी मी त्यांना सगळं सांगितलं. दोन ओळींतच सांगून टाकलं, नाहीतर धीर झाला नसता. आजी गप्प बसल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, “चाळीसच्या चाळीस मोडल्यास?”

“हो आजी.”

“एक तरी लावून बघायचीस.”

रागावल्या होत्या, आणि ते बरोबरच होतं. माझी माफी त्यांनी ऐकली की नाही कळलं नाही. चहा झाल्यावर त्यांनी कापसाची ताटली पुढे ओढली आणि दोऱ्याचं टोक दातात धरलं. तीन वाती झाल्या. त्या माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, “घरी लाव. आणि फोन करून सांग, कशी लागली ते. खरं सांग.”

आज सकाळी देवघरात पहिली लावली. दोऱ्यापर्यंत छान जळली, तिथे तडतडली आणि विझली. मी ती थोडी वर ओढून पुन्हा लावली, मग तूप संपेपर्यंत टिकली. आजींचा दुपारच्या झोपेनंतरचा चहा चारला असतो. तेव्हा फोन करणार आहे.